तुम्ही विचारलंत म्हणून: आईची सही दोनदा का घ्यावी लागली

"आईचं एलपीए तुम्ही वकिलाशिवाय केलंत ना, मग आम्हालाही जमेल का?" मंडळाच्या हळदीकुंकवात, पार्किंगमध्ये, फोनवर, सगळीकडे हेच विचारतात आणि मी "हो हो, जमेल" म्हणून मोकळी होते. आज नीट सांगते. एलपीए म्हणजे लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी: आईला पुढे समजेनासं झालं तरी तिच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार तिने नेमलेल्या माणसांना, म्हणजे ॲटर्नींना, देणारा इथला इंग्लंडमधला कागद.

फॉर्म भरणं जमतं. ऑनलाइन भरायचा, छापायचा, सह्या घ्यायच्या. कायद्याने वकील लागतच नाही. आम्ही केलं तेव्हा एका फॉर्मच्या नोंदणीचे 82 पौंड होते, पैशांचा एक आणि तब्येतीचा एक मिळून 164, आणि वकिलाने सात-आठशे सांगितले होते. पैसे वाचवले याची मला लाज वाटत नाही आणि कुणी वाटायला लावूही नये.

पण चूक झाली. दादा मँचेस्टरहून एका रविवारपुरता आला होता. सह्यांचा क्रम मी लिहूनच ठेवला होता, आधी आई, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर (आईला सगळं समजतंय आणि तिच्यावर कुणाचा दबाव नाही हे लिहून देणारा माणूस), मग आम्ही दोघं ॲटर्नी. क्रम बरोबर पाळला, पण आईच्या सहीला साक्षीदार म्हणून दादाने सही केली, आणि ॲटर्नीला तिथे साक्षीदार होता येत नाही. फॉर्मवर छापलेलं असतं हे, मी वाचलंही होतं. काका समोरच बसले होते, ते चालले असते! नोंदणीला पाठवलेले दोन्ही फॉर्म चार महिन्यांनी परत आले. तीन महिन्यांत पुन्हा पाठवले तर फी अर्धी, ते सोडा, पण आईची सही नव्याने हवी होती आणि त्या चार महिन्यांत आई बदलली होती.

काका म्हणजे आमचे सर्टिफिकेट प्रोव्हायडर. नात्यातले नाहीत, नातेवाईक चालतच नाहीत. दोन वर्षांची ओळख पुरते, आमची वीस वर्षांची. मुद्दाम मराठी माणूस घेतला, कारण त्यांनी आईशी एकटीशी बोलावं हे मला हवं होतं, इंग्रज डॉक्टर असता तर दुभाषी मीच झाले असते, मग त्या बोलण्याला अर्थ काय उरला असता.

तर जानेवारीत काका आले, दार लावून आईशी बोलायला बसले आणि बोलता बोलता "मुखत्यारपत्र" म्हणाले. तेवढं पुरलं. आईच्या माहेरची मिरजेकडची जमीन अशाच एका कुलमुखत्यारपत्रावर गेली होती, तिच्या वडिलांनी चुलतभावावर विश्वास टाकून सही केली होती. आतून मोठ्याने आवाज आला, "माझी सही हिला कशाला हवी?" हिला म्हणजे मला. काका बाहेर येऊन म्हणाले, आज मी सही करणार नाही. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहवत नाही. आई पूर्ण विसरायच्या आत झालं नाही तर कोर्टात जावं लागेल, तिच्या पेन्शनला हात लावता येणार नाही, हे सगळं मी त्यांच्यावर ओरडले, आणि आई आतून ऐकत होती.

काका बरोबर होते. मेंटल कपॅसिटी ॲक्ट, 2005 प्रमाणे क्षमता त्या वेळची आणि त्या निर्णयापुरती बघायची असते, माझ्या घाईची नाही. आणि भारतातलं मुखत्यारपत्र देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही की संपतं, इथलं नेमकं त्याच दिवसांसाठी असतं, हा फरक मी आईला आधी शांतपणे सांगायला हवा होता. पण तेव्हा मी दिवसातून तीनदा तिची औषधं आणि नोकरी सांभाळत होते, हेही खरं आहे.

दहा दिवसांनी सकाळी चहानंतर काका परत आले. आई छान होती. म्हणाली, "बँकेचं माझ्याच्याने होत नाही आता, दोघांनी बघावं. पण दोघांनी मिळून." आमच्या फॉर्मवर दोघांपैकी कुणीही एकटं असं होतं. पहिल्या वेळी तिने हे विचारलं नव्हतं, किंवा मी विचारू दिलं नव्हतं. काकांनी समजावलं की मिळून ठेवलं आणि एकाला काही झालं तर सगळंच अडेल. ती म्हणाली, "मग जाऊ दे, कुणीही." आईने सही केली, साक्षीला शेजारीण होती, मग काकांनी, मग आम्ही.

ते "जाऊ दे" समजून होतं की थकून? काका म्हणतात समजून. वकील असता तर साक्षीदाराचा घोळ झाला नसता हे कबूल, पण हे त्याला तरी कळलं असतं का?

आता बँकेत आईच्या वतीने सही करायच्या आधी मी दादाला फोन करते, कायद्याने लागत नाही तरी.