गाडीच्या एसीतला गॅस जातो कुठे?

एसी गार हवा देईना की पहिला सल्ला मिळतो, "गॅस भरून घ्या." पण पेट्रोलसारखा हा गॅस जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय.

माझ्या गाडीतही हेच झालं. आधी सोप्या गोष्टी पाहिल्या: केबिन फिल्टर, कंडेन्सरचा (गाडीच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पंखा, जाळीतला कचरा. तिन्ही ठीक. कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणारा पंप) क्लच, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणारा भाग, मात्र दर चार-पाच सेकंदांनी टक् करून लागत-सुटत होता. गॅस कमी असल्याची ही ठळक खूण. दाब घसरला की स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, चढला की पुन्हा चालू.

बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन होतं: आर-१३४ए, ४५० ग्रॅम. (काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. तो पेट घेऊ शकतो, त्याचे जोडही वेगळे. त्याला इथे वापरलेली साधनं चालत नाहीत.) गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दाब मोजायचं गेज लावलं. ३० अंशाला आतला दाब साधारण ९७ पीएसआय (दाबाचं एकक) हवा, दिसला ५०. इथे एक फसगत होते. आत थोडासाही द्रव शिल्लक असेल तर काटा ९७ च्या आसपासच राहतो, मग गॅस १०० ग्रॅम असो की ४५०. म्हणजे बंद गाडीतला दाब बरोबर दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं नाही. ५० मात्र सरळ सांगतं, द्रव उरलेलाच नाही.

गळती डोळ्यांनीच सापडली. कंडेन्सरला पाइप बोल्टने बसतो तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली काळी धूळ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून आधी असे डाग शोधावेत. साबणाचं पाणी ब्रशने लावलं. थोड्या वेळाने टाचणीच्या टोकाएवढे फुगे.

उरलेला गॅस हवेत सोडायचा नाही. तेवढं एक काम वर्कशॉपच्या रिकव्हरी मशीनवर (गॅस काढून साठवणारं यंत्र) करून आणलं. मग जोड उघडला. जुनी ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) चपटी, नखाने दाबली तरी दबेना. नवी एचएनबीआर रबराची रिंग पीएजी तेलात (कॉम्प्रेसरचं तेल) बुडवून बसवली. ग्रीस किंवा टेफ्लॉन टेप नको. पीएजी हवेतला ओलावा पटकन शोषतं, म्हणून उघडी तोंडं लगेच बंद केली आणि ओलावा टिपणारा ड्रायरही बदलला. हायब्रीड गाडीच्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये पीएजी चुकूनही घालू नये. ते वीजरोधक नसतं.

रेग्युलेटर लावून १५० पीएसआय नायट्रोजन भरला, तासभर काटा हलला नाही. हवेच्या पंपाने ही चाचणी केली तर ओलावा आत जातो, आणि ऑक्सिजन तेलाशी आला तर स्फोट. नायट्रोजन सोडून दिल्यावर पंपाने ४५ मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा ओढून काढणं. गेजवर २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असताना पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे आतला ओलावा वाफ होऊन निघतो. थंडीच्या दिवशी हेच काम रेंगाळतं. व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबलो, काटा जागेवर.

गॅस वजनावरच भरायचा. होजमधली हवा काढून गॅसचा डबा वजनकाट्यावर ठेवला. इंजिन बंद असताना व्हॅक्यूमनेच बराच ओढला गेला. उरलेला लो साइडने (कमी दाबाच्या बाजूने), इंजिन १,५०० आरपीएमवर, डबा उभा ठेवून, म्हणजे द्रव कॉम्प्रेसरमध्ये जात नाही. इंजिन चालू असताना हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह पक्का बंद. तो उघडला तर कॉम्प्रेसरचा दाब डब्यात शिरतो आणि डबा फुटतो. गॉगल आणि हातमोजे शेवटपर्यंत अंगावर. "थोडा जास्त असू दे" हा मोहही नको, जादा गॅसने दाब चढून गारवा उलट कमी होतो.

शेवटी लो साइड ३२, हाय साइड २१० पीएसआय, व्हेंटमधली हवा ७ अंश. सर्व्हिस पोर्टची (गेज जोडायची तोंडं) टोपणं घट्ट बसवली. ती धुळीसाठी आहेत असं वाटतं, पण आतला छोटा व्हॉल्व्ह झिरपला तर गॅस अडवायला तेवढंच उरतं.