तिकिटाविना सुपर बोल: न्यू ऑर्लिन्समधले तीन दिवस

"स्टेडियममध्ये जाणारच नाही, मग एवढ्या लांब कशाला जायचं?" सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना. त्यासाठी तिकिटाविना न्यू ऑर्लिन्सला निघालो, तेव्हा घरात सगळ्यांचा हाच प्रश्न. माझ्या सतरा वर्षांच्या लेकाकडे उत्तर तयार होतं. "आई, जिंकलो तर मला तिथं असायचंय. हरलो तर इथं घरी बसून मला सहन होणार नाही."

आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो. इथं मूल चालायला लागायच्या आधी त्याला ईगल्सची, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाची, हिरवी टोपी चढते. १९६० साली फ्रँकलिन फील्डवर ग्रीन बेच्या संघाला १७-१३ असं हरवून या संघानं विजेतेपद मिळवलं. पुढचं मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या सत्तावन्न वर्षांत शेजारपाजारची माणसं म्हातारी झाली, काही गेली. २०१८ला लेक दहा वर्षांचा होता, तेव्हा त्याला वाटलं की आता दरवर्षीच असं होणार. मग २०२३ साली मध्यंतराला २४-१४ अशी आघाडी असूनही कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३८-३५ असे हरलो. त्या रात्री तो जेवला नाही. म्हणून ९ फेब्रुवारी २०२५ला पुन्हा त्याच चीफ्सशी गाठ पडणार हे कळलं, तेव्हा मीच म्हटलं, चल.

आता कामाचं. सुपर बोलचं शहर काही वर्षं आधीच जाहीर होतं, पण कुठले संघ पोहोचणार ते ठरतं दोनच आठवडे आधी. त्यामुळे खोली हंगाम सुरू होतानाच धरून ठेवा, तीही पैसे परत मिळणारी. आम्ही नोव्हेंबरात एक खासगी फ्लॅट घेतला होता. २६ जानेवारीला उपांत्य सामन्यात ईगल्सनी वॉशिंग्टनला ५५-२३ असं लोळवलं आणि दोन दिवसांत घरमालकानं बुकिंग रद्द केलं. पैसे आले, पण तोवर गावात खोली उरली नव्हती. तेव्हा भाड्याच्या घरापेक्षा हॉटेल बरं, आणि हॉटेललाही मधे एकदा फोन करून खात्री करून घ्या.

शेवटी बॅटन रूजमध्ये खोली मिळाली. न्यू ऑर्लिन्सपासून ती साधारण ८० मैल. ती आमच्या पथ्यावरच पडली, कारण थेट विमानाचे भाव ऐकून आम्ही ह्यूस्टनचं तिकीट काढलं होतं आणि तिथून भाड्याची गाडी. आय-१० महामार्गानं येताना बॅटन रूज वाटेतच लागतं. त्याच्या अलीकडे अचाफलाया दलदलीवरचा १८ मैलांचा पूल आहे. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं, आणि पुढच्या गाडीच्या खिडकीतून फडकणारा हिरवा झेंडा. लेकानं हॉर्न वाजवायला लावला. त्या गाडीनंही वाजवला. पूल संपेपर्यंत हेच चाललं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गाडी शहराच्या मध्यापर्यंत नेऊ नका. कॅनाल स्ट्रीटची लाल ट्राम एका टोकाला जुन्या दफनभूमींपाशी संपते. आम्ही तिकडे गाडी लावली आणि ट्रामनं आत गेलो. एका फेरीला सव्वा डॉलर, दिवसभराचा पास तीन डॉलर. रोख देणार असाल तर सुटे न्या.

बर्बन स्ट्रीटच्या तोंडाशी मात्र पाय आपोआप थांबतात. १ जानेवारीच्या पहाटे इथंच गर्दीत गाडी घुसवून चौदा जणांचा जीव घेतला गेला. फुलं, मेणबत्त्या, फोटो. आमच्या पुढं चीफ्सच्या लाल जर्सीतला एक धिप्पाड माणूस टोपी काढून बराच वेळ उभा होता. त्याच्या शेजारी हिरव्या जर्सीतली दोन मुलं तशीच. रस्ता वाहनांना बंद होता, पोलीस आणि नॅशनल गार्डचे जवान सगळीकडे होते. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा, तपासणीतला निम्मा वेळ वाचतो.

त्या पलीकडे नुसता हिरवा पूर. कोणीतरी एक गॅलरीतून "ई!" ओरडतो आणि खालचा अख्खा रस्ता उरलेली अक्षरं पुरी करतो: "ए-जी-एल-ई-एस, ईगल्स!" दिवसातून शंभरदा ऐकलं तरी अंगावर काटा येत होता. या गर्दीत डेट्रॉइट लायन्सची निळी जर्सी घातलेलं एक जोडपं भेटलं. त्यांचा संघ आजवर एकदाही सुपर बोलला पोहोचलेला नाही. त्या हंगामात १५ सामने जिंकून आपल्या पहिल्याच बाद सामन्यात घरच्या मैदानावर हरले. यांनी मात्र आधीच रजा टाकली होती, विमानाची तिकिटं काढली होती, म्हणून आले. "पुढच्या वर्षी," एवढंच ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात जराही शंका नव्हती.

कन्व्हेन्शन सेंटरमधलं सुपर बोलचं प्रदर्शन शनिवारपर्यंतच होतं, रविवारी नाही. वेगळं तिकीट लागतं, पण मुलं बरोबर असतील तर जाच. विजेत्याला मिळणारा लोंबार्डी चषक काचेआड हातभर अंतरावर दिसतो. खाण्याचं म्हणाल तर बेन्ये, म्हणजे पिठीसाखरेत बुडालेले फुगीर चौकोनी तळलेले पाव, आणि चिकोरी घातलेली कॉफी. शाकाहारी मंडळींनी इथल्या राजमा-भाताला भुलू नये, त्यात बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस असतं. विचारूनच घ्या.

तिकिटाचे भाव मी रोज बघत होते. सामना जवळ येईल तसे उतरत गेले, तरी दोघांचे मिळून आमच्या आवाक्याबाहेरच. तुम्ही घेणार असाल तर रस्त्यावर कोणाकडून कागद घेऊ नका, खरं तिकीट फोनवरच येतं. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते. आणि तिकीट नसेल तर सामन्याच्या स्टेडियमच्या, म्हणजे सुपरडोमच्या, कुंपणाजवळही फिरकता येत नाही, हे धरून चाला.

अठरा वर्षांखालच्या मुलांना इथल्या बारमध्ये घेत नाहीत. हे आम्हाला आयत्या वेळी कळलं आणि तीन दारांतून परत फिरावं लागलं. जेवणाचं हॉटेल आणि आत टीव्ही, अशी जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवा. आम्हाला वेअरहाउस डिस्ट्रिक्ट या भागात एक मिळाली. सामना साडेपाचचा, आम्ही दोन वाजताच टेबल धरलं.

शेजारच्या टेबलावर सत्तरीचे एक आजोबा होते. जानेवारी १९८१मध्ये याच सुपरडोममध्ये बसून त्यांनी ईगल्सना रेडर्सकडून २७-१० असं हरताना पाहिलं होतं. या वेळी तिकीट परवडलं नाही, पण गावात तरी असावं म्हणून आले होते. सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या भागात ईगल्सच्या कूपर डिजीननं चीफ्सच्या महोम्सचा पास हवेतच अडवला आणि ३८ यार्ड पळत चेंडू थेट चीफ्सच्या गोलक्षेत्रात नेला, म्हणजे टचडाउन केला, तोही स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी. सगळे खुर्च्यांवर चढले. आजोबा बसूनच राहिले. मध्यंतराला २४-० झालं. पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला. तिकडे सोमवारची पहाट, तो पाचपासून उठून बघत होता. "जिंकलात की गं!" म्हणाला. मी त्याला गप्प केलं. आम्हा कोणालाच २०२३चं मध्यंतर विसरता येत नव्हतं. आजोबांनी तर टीव्हीकडे पाठच केली होती.

३४-० झाल्यावर लेकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता वळा, सर." ते वळले. शेवट ४०-२२ झाला. ईगल्सचा जेलन हर्ट्स सामनावीर ठरला. आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लेक त्यांच्याजवळ बसून राहिला, बाहेर नाचायला गेला नाही.

सामन्यानंतर तासभर तरी हलू नका, ट्राममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बॅटन रूजला पोहोचायला आम्हाला रात्रीचे दोन वाजले. पेट्रोल पंपावर चीफ्सच्या जर्सीतली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बापाच्या कुशीत रडत होती. लेकानं गाडीतून उतरून तिला आमच्याकडचा बेन्येचा पुडा दिला. बाप "थँक यू" म्हणाला, पुढं काही बोलला नाही.

२०२७चा सामना १४ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसजवळ इंगलवुडच्या सोफाय स्टेडियममध्ये आहे. पैसे परत मिळणारी खोली शोधायला आम्ही आत्तापासूनच सुरुवात केली आहे. या वेळी हॉटेलमध्येच.