चाळिशी, माशी आणि लाल ठिपका

गेल्या मे महिन्यात रेंजवर उभा होतो, पिस्तूल वर घेतलं आणि माशी दिसेना. म्हणजे दिसत होती पण तिला कडाच नव्हत्या, ओल्या कागदावर शाई पसरते ना तशी. आधी चष्मा पुसला, मग माशी पुसली, मग वाटलं ट्यूबलाईट गेली असेल. आमचे सर मागून हे सगळं बघत होते, शेवटी म्हणाले, "किती वय झालं रे तुझं?" म्हटलं सेहेचाळीस. "मग पिस्तूल काय पुसत बसलायस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."

माशी म्हणजे फ्रंट साईट, नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण. रेंजवर सगळे फ्रंट साईटच म्हणतात, पण मी हा शब्द आमच्या सत्तरीतल्या काकांकडून उचललाय. त्यांच्याकडे शेतीसाठी लायसनची काडतुसाची बंदूक आहे, तिच्या नळीच्या टोकाला पितळेचा एक मणी आहे, ती त्यांची माशी. इलेक्शन आलं की बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. असो.

मी राहतो फोंड्याला, नोकरी मडगावला, आणि शनिवार-रविवार दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावरच्या पिस्तुलाने दहा मीटरवरच्या टार्गेटवर नेमबाजी. मेडलबिडल काही नाही. आता चाळिशी लागली ही बातमी घरी सांगितल्यावर भाच्याला जो आनंद झाला तो विचारू नका. तो वर्षभर माझ्या मागे लागला होता, "मामा, रेड डॉट लाव, लोखंडी साईट आता कोण वापरतं?" रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साईट. त्याच्याकडे सीओटू गॅसवर चालणारं एक पिस्तूल आहे, वर रेल म्हणजे साईट अडकवायची पट्टी आहे, त्यावर त्याने ऑनलाईन मागवलेला स्वस्तातला रेड डॉट बसवलाय. मी म्हटलं, दे बाबा दोन महिने, बघू तरी काय जादू आहे.

आणि पहिल्या दिवशी खरंच जादू वाटली. साध्या साईटमध्ये काय होतं, मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं टार्गेट अशा तीन वस्तू तीन अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट दाखवतो. म्हणून पहिल्या दिवसापासून शिकवतात की नजर माशीवर ठेव, टार्गेट धूसर दिसू दे, खाचही थोडी धूसर चालेल. तरुण डोळ्याला हे जमतं कारण आतली लेन्स लवचिक असते, चाळिशीनंतर ती कडक होत जाते आणि हाताच्या अंतरावरचं पुसट व्हायला लागतं, म्हणजे नेमकी माशीची जागा. रेड डॉटमध्ये ही भानगडच नाही. छोटा एलईडी असतो, त्याचा उजेड वक्र काचेवरून परत येतो आणि किरण समांतर येत असल्यामुळे ठिपका जणू लांब टार्गेटवरच पडलाय असं दिसतं. नजर सरळ टार्गेटवर, दोन्ही डोळे उघडे. ही आयडिया नवी नाही, स्वीडनच्या एमपॉइंटने इलेक्ट्रॉनिक रेड डॉट १९७५ मध्येच आणला होता, पिस्तुलावर बसण्याइतका लहान आणि दणका सोसण्याइतका दणकट व्हायला मात्र पुढे खूप वर्षं गेली.

फक्त माझा ठिपका गोल नव्हता. स्वल्पविरामासारखा दिसत होता, शेपूट असलेला. मी भाच्याला म्हटलं तुझा माल डुप्लिकेट आहे. त्याने काय केलं, मोबाईलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला, फोटोत ठिपका मस्त गोल. म्हणजे डुप्लिकेट माझा डोळा! सिलिंड्रिकल नंबर असला, म्हणजे डोळ्याचा गोलावा सगळीकडे सारखा नसला, की असं होतं, तोपर्यंत मला वाटायचं तो नंबर नुसता चष्म्याचं बिल वाढवायला असतो. रेड डॉट घ्यायचा विचार असेल तर आधी कुणाच्या तरी डॉटमधून बघून घ्या, आणि ब्राईटनेस कमी ठेवा, जास्त ठेवला तर ठिपका आणखी पसरतो.

दुसरी गंमत म्हणजे डॉट हरवतो. पिस्तूल वर आणलं, काचेत बघतो तर काहीच नाही, मग मनगट वर-खाली करून शोधत बसायचं, मोबाईलला रेंज शोधतो तसं. साध्या साईटमध्ये मनगट वाकडं असलं तरी माशी कुठे चुकतेय ते दिसतं, डावीकडे गेली की वर आली, लगेच कळतं. डॉट एकतर असतो नाहीतर नसतो. सरांचं म्हणणं असं की ज्याचा हात साध्या साईटवर तयार झालाय त्याला डॉट लवकर सापडतो, आणि मला ते पटलं कारण तिसऱ्या आठवड्यापासून माझं शोधणं जवळपास थांबलं, भाचा मात्र वर्षभर वापरून अजून शोधतोय.

आणि थरथर! साध्या साईटवरही हात तेवढाच हलतो पण आपल्याला ते एवढं जाणवत नाही. डॉट लावला की तो टार्गेटवर नाचताना दिसतो, मग आपण काय करतो, तो मधे आला की पटकन ट्रिगर ओढतो आणि गोळी भलतीकडे. मी पहिले पंधरा दिवस हेच करत होतो. सर एकदाच बोलले, "ठिपक्याला नाचू दे, तू बोट सावकाश आण." त्यामागचा हिशोब त्यांनी मला मागेच एका कोऱ्या कागदावर काढून दाखवला होता. एअर पिस्तुलात खाच ते माशी अंतर साधारण ३० सेंटिमीटर धरा. माशी खाचेत नीट आहे आणि अख्खा हातच हलला, टार्गेटवर पाच मिलिमीटर सरकला, तर गोळी पाचच मिलिमीटर चुकते, चिंता नाही. पण माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर गोळी १६-१७ मिलिमीटर लांब जाते, दहा गुणांच्या जागी आठ. ट्रिगरला झटका दिला की नेमकं हेच होतं. रेड डॉट माझी धूसर माशी माफ करतो, ट्रिगरचा झटका माफ करत नाही, आणि माझे निम्मे पॉइंट तर तिथेच जात होते.

आता नेमकेपणाचं. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. डॉटचा आकार एमओए या कोनाच्या मापात मोजतात, एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर, म्हणजे दहा मीटरवर २.९ मिलिमीटर. भाच्याचा डॉट ५ एमओएचा, तो झाला साडेचौदा मिलिमीटर. अख्खं दहाचं वर्तुळ ठिपक्याखाली गायब! पटकन नेम धरायचा असेल, टार्गेट मोठं असेल, तर याने काही बिघडत नाही, उलट मोठा ठिपका लवकर दिसतो. आयपीएससीसारख्या वेगाच्या नेमबाजीच्या खेळात ऑप्टिक्सवाल्यांचे, म्हणजे रेड डॉटसारख्या काचेच्या साईट लावणाऱ्यांचे, वेगळे गट आहेत ते उगाच नाहीत.

पावसाळ्याचं लिहायलाच पाहिजे कारण हे बाहेरचे व्हिडीओवाले सांगत नाहीत. जुलैमध्ये एसी गाडीतून उतरून रेंजवर आलो की काच पांढरी फटक, पाच मिनिटं नुसतं बसायचं. गोव्यात ज्यांनी कॅमेऱ्याची लेन्स कपाटात ठेवलीय त्यांना बुरशी म्हणजे काय ते माहीत आहे. उघड्या डॉटमध्ये तर एलईडीवर पाण्याचा थेंब बसला की ठिपक्याच्या जागी लाल चिखल दिसतो, बंद डब्यासारखे येतात ते बरे पण महाग. मी सिलिका जेल घालून डब्यात ठेवायचो, आईने तो डबा दोनदा मसाल्याच्या डब्यांत लावून ठेवला. आणि बटणासारखी ती सीआर२०३२ बॅटरी, ती नेमकी रविवारी सकाळी संपते. माशीला बॅटरी लागत नाही.

पण एवढं सगळं करून माझ्यासाठी प्रश्न मुळात होताच कुठे, आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, दहा मीटरमध्ये ऑप्टिकल साईट चालतच नाही, उघडी साईटच लागते. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने मिक्स्ड टीमचं ब्राँझ घेतलं ते उघड्या साईटवरच. त्याच इव्हेंटला तुर्कीचे ते युसुफ दिकेच, एक हात खिशात आणि साधा चष्मा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, सिल्व्हर घेऊन गेला. तो फोटो आमच्या ग्रुपवर निदान चाळीस वेळा आला असेल आणि दर वेळी खाली कुणीतरी मला टॅग केलेलं.

तर शेवटी मी चष्मेवाल्याकडे गेलो. पिस्तूल नेता येत नाही म्हणून हात सरळ करून डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर आईच्या शिवणाच्या टेपने मोजून नेलं. त्याने लांबच्या नंबरात +०.७५ मिळवून शूटिंगच्या डोळ्यापुरती काच करून दिली. वाचायचा चष्मा इथे चालत नाही, तो पुस्तकाच्या अंतराचा असतो, माशी त्याच्या दुप्पट लांब. नव्या काचेतून पहिल्यांदा माशी बघितली, कडा ब्लेडने कापल्यासारख्या, टार्गेट नुसता काळा गोळा. पंधरा मिनिटं मी गोळी न घालताच उभा होतो.

डॉट भाच्याला परत दिला. त्याच्या सीओटूवर तो असूच दे, त्याला रिकामे डबे पाडायचे असतात आणि त्याला मजा येते. मी त्याला एवढंच म्हटलं की महिन्यातून एक दिवस तो काढून ठेव आणि साध्या साईटवर मार. "बघू मामा" म्हणाला, म्हणजे नाही.

परवा ६० शॉट्सची फुल मॅच मारली, दहा-दहा शॉट्सच्या सहा सिरीज, ६०० पैकी ५३१ आले. पाचव्या सिरीजपर्यंत बरं चाललेलं, शेवटच्या सिरीजला ८२. माशी अगदी स्वच्छ दिसत होती.