मामाच्या खाचरातला लव्हाळा लव्हाळा नव्हताच

श्रावणात चार दिवस मावळात मामाकडे गेले होते. लावणी होऊन महिना झालेला, भात गुडघ्याएवढं, आणि भाताच्या चुडांमधून जागोजागी पिवळट तुरे वर आलेले. मी मामाला म्हटलं हे काय आहे, तर म्हणाला, "अगं लव्हाळा तो, त्यात काय बघायचं." आणि बेणणीला बायका लागल्या होत्या तरी ह्याला कोणी हात लावत नव्हतं, कारण मामाचं म्हणणं की लव्हाळा उपटून उपयोग नाही, वरून तोडला की खालच्या गाठीतून दुप्पट येतो. हे लव्हाळ्याबद्दल शंभर टक्के खरं आहे, प्रश्न एवढाच होता की हा लव्हाळा आहे का.

मला रंगावरून शंका आली. लव्हाळा म्हणजे शास्त्रीय नावाने सायपरस रोटंडस, त्याचा तुरा तांबूस-तपकिरी, कधी जांभळट झाक असलेला असतो, आणि इथे सगळा तुरा सोनेरी पिवळा. पण नुसत्या रंगावर मी जात नाही, सावलीतला लव्हाळा पण फिका पडतो, म्हणून एक रोप मुळासकट काढलं. मऊ चिखल होता, अलगद आलं. खाली फक्त तंतुमुळं, तीही लालसर, गाठ नाही, आडवी पसरलेली मुळी नाही, देठाच्या बुडाला फुगवटासुद्धा नाही. मग बांधावर गेले, तिथे खरा लव्हाळा होताच, खुरप्याने हळूहळू खणत गेले तर तारेसारख्या कडक काळपट मुळीवर एकामागे एक गाठी, माळ ओवल्यासारख्या. एक गाठ फोडून मामाच्या नाकाशी धरली, तो लगेच म्हणाला, "हा तर उटण्यातला वास."

गाठी माळेत असणं हे फार महत्त्वाचं आहे. सायपरस एस्क्युलेंटस म्हणून दुसरा एक भाऊबंद आहे, त्याचा तुरा पिवळा, गाठी त्यालाही असतात पण त्या मुळीच्या टोकाला एकएकट्या, आणि चवीला गोडसर. म्हणजे पिवळा तुरा दिसला की आधी खणून बघायचं, खाली माळ आहे, एकटी गाठ आहे की काहीच नाही. माळ म्हणजे लव्हाळा, एकटी गाठ म्हणजे एस्क्युलेंटस, काहीच नाही म्हणजे तिसरंच कोणी.

आता तुरा. माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, ते डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि तुरा भिंगाजवळ आणायचा, लोक उलटं करतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. सायपरसच्या प्रत्येक छोट्या कणसात तुसं, म्हणजे फुलांवरचे बारीक खवले, दोन रांगांत समोरासमोर बसलेली असतात, वेणी घातल्यासारखी, त्यामुळे कणीस चपटं दिसतं. (फिंब्रिस्टायलिस ह्या त्याच्या भाऊबंदात बहुतेक वेळा तीच तुसं गोल फिरत चढतात, हा फरक एकदा डोळ्यात बसला की अर्धं काम होतं.) बांधावरच्या लव्हाळ्यात तुस लांबट, जेमतेम ३ मिलिमीटरचं, मधोमध हिरवा कणा आणि बाजू तांबड्या, एकावर एक घट्ट दाबून बसलेली. खाचरातल्या रोपात मात्र तुस त्याच्या निम्म्याएवढं, पसरट, टोकाला गोलसर आणि त्यात बारीकशी खाच, आणि अशी सुटी सुटी की मधली दांडी दिसते. दोन्हीला स्टिग्मा, म्हणजे फुलातले पराग झेलणारे धागे, तीन, दोन्हीचं बी त्रिधारी, पण लव्हाळ्यात भरलेलं बी सहसा सापडतच नाही, आणि खाचरातल्या ह्या बाईसाहेब बियांनी गच्च भरलेल्या, पिकून काळपट होत आलेल्या. म्हणजे ही सायपरस इरिया. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दोघांनाही नाव १७५३ सालीच दिलेलं, आणि आपल्याकडे शेतात दोघंही एकाच नावाने ओळखले जातात.

लव्हाळ्याचं कुळ गवतापासून वेगळं कसं ओळखायचं ते पटकन सांगते, देठ बोटांत फिरवायचा, तीन कडा लागतात, आतून भरीव असतो, आणि पान देठाला जिथे गुंडाळतं ती नळी बंद असते, गवतात ती बहुतेक वेळा एका बाजूने उघडी. त्रिधारी देठावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, ह्याच कुळातल्या इलिओकॅरिसमध्ये तो गोलही असतो.

हे सगळं मी मामाला का सांगत बसले तर दोघांचा इलाज उलटा आहे. लव्हाळा गाठींवर जगतो, उपटला की वरचं हातात येतं आणि माळ तुटून खालची प्रत्येक गाठ वेगळी फुटते, नांगराने तर तो शेतभर पसरतो. इरिया वर्षायू, म्हणजे एका हंगामात संपणारी, तिचं सगळं भवितव्य बियांत, एका रोपावर हजारो बिया धरतात आणि त्या गळल्या की पुढच्या वर्षीच्या खाचराची सोय झाली. म्हणजे जिला उपटायला पाहिजे तिलाच आपण लव्हाळा समजून सोडून देत होतो, आणि हे किती वर्षं चाललं असेल ह्याचा विचार करून मला खरंच वाईट वाटलं. मामा गप्प ऐकत होता, मग खाचरात उतरला, चार-पाच ठिकाणी उपटून बुडं धुऊन बघितली, आणि बायकांना हाक मारून सांगितलं की पिवळे तुरे सगळे काढा, तुरे झटकू नका, पाटीत घालून बाहेर आणा.

परत येताना पाणथळ कोपऱ्यात अजून एक सापडलं, तुरा लालसर, दुरून लव्हाळाच वाटावा असं, पण भिंगाखाली स्टिग्मा दोनच आले, चार फुलं बघितली, दोनच. म्हणजे पायक्रिअस ह्या सायपरसच्या जवळच्या गटातलं काहीतरी, त्यात बी त्रिधारी नसतं, दोन्हीकडून चपटं असतं. बिया अजून कोवळ्या होत्या आणि पिकल्या बीशिवाय ह्यांचं नाव सांगणं बरोबर नाही. दोन रोपं पेपरात दाबून आणली आहेत, कोपऱ्यावर काठी रोवून आलेय आणि मामाला सांगून ठेवलंय की तेवढा कोपरा बेणू नकोस, मी गणपतीनंतर येतेय.