पहाटेच अडणारी जीप

निफाडची थंडी बाहेरच्यांना बातमीपुरती माहीत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, एवढं वाचून लोक पान उलटतात. आमच्याकडे त्या आकड्यापायी माणसं द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात, आणि त्याच पहाटे जुन्या डिझेल गाड्या अडून बसतात. माझं गॅरेज उगावच्या रस्त्याला आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या आत चार तरी फोन येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: "मिस्तरी, सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाही." सेल्फ म्हणजे चालू करताना इंजिन फिरवणारी मोटर.

तात्यांची जीप २००४ ची, हीटर प्लगवालं जुनं इंजिन; सेल्फ मारण्याआधी हे प्लग आतली हवा तापवतात. दोन हिवाळे ती पहाटे छळत होती. दहा वाजता ऊन लागलं की अर्ध्या सेल्फला चालू. पण काकूंना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी नाशिकला न्यायचं असतं, सकाळी सातची वेळ. मळ्यातून साडेपाचला निघावंच लागतं. शेजारचे चौघे कानटोप्या घालून धक्का मारायला यायचे आणि काकू आत बसून म्हणायच्या, "राहू द्या, दुसरी गाडी बघा." त्या वेळेला मळ्यात दुसरी गाडी कुठून येणार?

पहिल्या हिवाळ्यात बॅटरी बदलली. मग सेल्फ खोलून आर्मेचर घासलं, नवे कार्बन टाकले. मागच्या वर्षी चारही हीटर प्लग बदलले, ते मी बदलले. मधल्या काळात कुणी डिझेलमध्ये रॉकेल टाकायला सांगितलं, कुणी हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारायला. हे सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. रॉकेलनं पंपाचं वंगण जातं, आणि तापलेल्या प्लगवर ईथर गेला तर तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहणारं डिझेल २०१९ मध्ये आलं, ते तिथल्या डिझेल गोठवणाऱ्या थंडीसाठी. तात्यांच्या फिल्टरमधून मी पहाटे डिझेल काढून पाहिलं, पाण्यासारखं स्वच्छ आणि पातळ होतं.

आमच्या धंद्यातली खरी खोट अशी, की थंडीचं दुखणं आम्ही भर दुपारी तपासतो. बारा वाजता गाडी गॅरेजमध्ये येते, एका सेल्फला चालू होते, मग अंदाजानं एखादा पार्ट बदलायचा आणि गाडी सोडून द्यायची. यंदा मी तात्यांना म्हटलं, आज मी तुमच्याकडे मुक्कामाला येतो.

सव्वाचारला उठलो. पारा सहाच्या आसपास असेल, बॉनेटवर दव. पाना हातात धरवत नव्हता. तात्यांचा मुलगा टॉर्च पकडून उभा राहिला. प्लग तापवून सेल्फ मारला. इंजिन घुर्र... घुर्र... असं जड फिरत होतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. या धुराकडे आधी बघावं. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. इंजिन हळू फिरलं की दाब गळतो आणि उरलेली उष्णता गार लोखंड पिऊन टाकतं.

मग मल्टिमीटर लावला. नुसती बॅटरी १२.५ व्होल्ट. सेल्फ फिरताना बॅटरीच्या टोकांवर १०.६, म्हणजे बॅटरी ठीक. पण सेल्फच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत फक्त ८.३. प्लसच्या वायरीत ०.२ जात होते, त्यात काही वावगं नाही. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. २.१ व्होल्ट! तिथे शून्याच्या जवळ हवं. सेल्फ आणि प्लग, दोघांच्याही करंटची बॅटरीकडे परतीची वाट तीच, आणि तीच तुंबलेली.

हे मीटरच्या बजरवर, म्हणजे वायर जोडलेली आहे की तुटली हे आवाजानं सांगणाऱ्या तपासणीत, सापडत नाही. बजर लावला की टीं वाजतो, कारण मीटरच्या चिमूटभर करंटला ती वाट पुरते. सेल्फ अडीचशे अँपिअर ओढतो तेव्हा कळतं. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फ आणखी करंट ओढतो, तेवढे जास्त व्होल्ट त्या खराब जोडात मरतात. दुपारी हेच दुखणं सहन होण्याइतकं हलकं असतं.

जंपरची काळी केबल बॅटरीच्या मायनसपासून सरळ इंजिनच्या हुकाला लावली. प्लग वीस सेकंद तापवले. दुसऱ्या फेऱ्याला इंजिननं पकडलं. तात्या काही बोलले नाहीत, आत जाऊन काकूंची पिशवी घेऊन आले. मी एक जुनी बॅटरी-केबल गिअरबॉक्सच्या बोल्टला तात्पुरती आवळून दिली आणि ते निघाले.

दुपारी परत आल्यावर चेसी आणि इंजिन यांच्यामधली अर्थची पट्टी, म्हणजे तीच परतीची वाट, खोलली. अडीच वर्षांपूर्वी गंज काढून गाडी रंगवली होती. रंगवणाऱ्यानं चेसीवर दोन हात मारले आणि पट्टी तशीच ओल्या रंगावर कसली. पट्टीच्या टोकाच्या लगखाली पोपटी भुकटी, विणलेल्या तारांतल्या निम्म्या तुटलेल्या, बाकीच्या काळ्या. रंगारी लोक लोखंड दिसलं की ब्रश फिरवतात, त्यातून काय वाहतं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. पॉलिश पेपरनं चेसी चकचकीत केली, नवी पट्टी टाकली, दात्यांचा वॉशर दिला, वरून व्हॅसलिन. पट्टी अडीचशे रुपयांची. दुसऱ्या पहाटे तोच मीटर लावला, ०.१५ आले.

मला डाचतंय ते वेगळंच. तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ट्रॅक्टरची बॅटरी जोडली की लगेच चालू होते." आम्ही सगळ्यांनी त्यावरून बॅटरी कमजोर ठरवली. काळी केबल कुठे लावता, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मुलगा ती इंजिनच्या हुकाला लावायचा, लावायला हवी तशीच. खराब पट्टीला वळसा घालूनच ती गाडी चालू होत होती.

मागच्या वर्षी काढलेले चार प्लग डब्यात सापडले. एकेक करून बॅटरीवर धरले. तीन लालबुंद झाले, एक मेलेला. त्या तिघांचे पैसे घेऊन मी तात्यांकडे गेलो, त्यांनी ते घेतले. पहिली बॅटरी मात्र तेव्हाच भंगारात गेली. ती बहुधा चांगली होती.