मार्व्हल स्नॅप : बारा कार्डांचा डेक बांधताना

मार्व्हल स्नॅप या डिजिटल कार्ड-खेळात जिंकणारा डेक, म्हणजे खेळायला घ्यायचा कार्डांचा संच, बांधायचा म्हणजे आपल्याकडची सर्वांत बलवान बारा कार्डे एकत्र करायची, असा समज नव्याने खेळू लागलेल्या अनेकांचा असतो. मी डेक पारखतो तो वेगळ्या प्रश्नावर : ज्या कार्डावर सारी भिस्त आहे ते हाती आलेच नाही, तर उरलेली अकरा कार्डे डाव उभा करू शकतात का?

हा प्रश्न खेळाच्या रचनेतूनच येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सेकंड डिनर या कंपनीने हा खेळ आणला. तिच्या संस्थापकांपैकी बेन ब्रोड यांनी आधी हार्थस्टोन या दुसऱ्या डिजिटल कार्ड-खेळावर अनेक वर्षे काम केले होते. हार्थस्टोनचा डेक ३० कार्डांचा आणि बहुतेक कार्डांच्या दोन-दोन प्रती ठेवण्याची मुभा देणारा आहे. इथे मात्र १२ कार्डे आणि प्रत्येकाची एकच प्रत. पटावरच्या तीन लोकेशन्सपैकी (कार्डे मांडण्याच्या जागांपैकी) दोन, तिथल्या आपल्या कार्डांची एकूण ताकद जास्त ठेवून, जिंकायची, प्रत्येक लोकेशनवर आपली फार तर चार कार्डे मावतात आणि डाव बहुधा सहाव्या टर्नला संपतो. सुरुवातीला हातात तीन कार्डे येतात आणि नंतर दर टर्नला एक, म्हणजे शेवटपर्यंत बारापैकी नऊच कार्डे दिसतात. कोणतेही एक ठरावीक कार्ड दर चार डावांतील एका डावात तोंडही दाखवत नाही, हे डेक बांधतानाच गृहीत धरले पाहिजे.

वाँग, व्हाइट टायगर आणि ओडिन यांचे त्रिकूट पाहा. वाँग त्याच्या लोकेशनवरच्या आपल्या कार्डांची ‘ऑन रिव्हील’ करामत, म्हणजे कार्ड उघडताच घडणारी करामत, दुप्पट करतो, व्हाइट टायगर दुसऱ्या लोकेशनवर वाघ उतरवते आणि ओडिन त्या सगळ्याची पुनरावृत्ती घडवतो. हे जुळून आले की समोरच्याचा निभाव लागणे कठीण. पण चौथ्या टर्नला वाँग, पाचव्याला व्हाइट टायगर आणि सहाव्याला ओडिन हातात असण्याची शक्यता गणिताने जेमतेम २६ टक्के भरते. शिवाय चौथ्या टर्नला वाँग दिसताच जाणता प्रतिस्पर्धी तिथेच कॉस्मो उतरवतो आणि त्या लोकेशनवरचे सगळे ‘ऑन रिव्हील’ थंड पडते.

याउलट का-झारचा डेक मला मनापासून आवडतो. खेळण्यासाठी एकच एनर्जी (कार्डाची किंमत एनर्जीत मोजावी लागते) लागणाऱ्या आपल्या सर्व कार्डांची ताकद का-झार एकेकाने वाढवतो आणि ब्लू मार्व्हल आपल्या इतर सर्वच कार्डांची वाढवतो. दोघांचे काम जवळपास सारखे असल्यामुळे निदान एक तरी सहाव्या टर्नपर्यंत हाती येण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के होते. एकाच कार्डाला ७५ टक्के आणि त्याच्या जोडीदारासह ९५ टक्के, हा फरक कोणत्याही दुर्मीळ कार्डापेक्षा मला मोलाचा वाटतो. दोघेही आले नाहीत तरी छोट्या कार्डांनी जागा भरलेल्या असतात : स्क्विरल गर्ल एका एनर्जीत इतर दोन्ही लोकेशन्सवर एकेक खार पाठवते, आपल्या बाजूची जागा पूर्ण भरली की अँट-मॅनची ताकद वाढते आणि नाइटक्रॉलर एकदा जागा बदलू शकतो. सँक्टम सँक्टोरम या लोकेशनवर कार्ड खेळताच येत नाही, तिथेही ही खार पोहोचते आणि नाइटक्रॉलर सरकत जातो, त्यामुळे इतर डेक जिथे हात चोळत बसतात तिथे हा डेक लोकेशन जिंकून जातो.

या डेकचा वैरी किलमंगर. तीन एनर्जीत तो एक एनर्जीची सारी कार्डे, दोन्ही बाजूंची, नष्ट करतो. त्यासाठी बारापैकी एक जागा मी आर्मरला देतो, कारण ती जिथे असते तिथली कार्डे नष्ट होत नाहीत. आणि एन्चँट्रेस एका लोकेशनवरच्या ‘ऑनगोइंग’ कार्डांची, म्हणजे ज्यांचा परिणाम सतत चालू राहतो अशा कार्डांची, क्षमता पुसून टाकते, म्हणून का-झार आणि ब्लू मार्व्हल यांना मी एकत्र ठेवत नाही.

जिंकणे मात्र इथे डावांवर मोजले जात नाही, क्यूब्सवर, म्हणजे पैजेला लावलेल्या गुणांवर, मोजले जाते, आणि डेक बांधताना याचा विचार फार कमी जण करतात. पैज एका क्यूबपासून सुरू होते, दोन्ही खेळाडू एकेकदा ‘स्नॅप’ करून, म्हणजे पैज वाढवत असल्याचे जाहीर करून, ती दुप्पट करू शकतात, शेवटच्या टर्नला ती आपोआप दुप्पट होते आणि आठवर थांबते. प्रतिस्पर्ध्याने स्नॅप केल्यावर त्याच टर्नला डाव सोडला, तर वाढण्याआधीची पैजच जाते. त्यामुळे ज्या डेकचा बेत चौथ्या टर्नलाच ओळखू येतो, तो जिंकतो तेव्हा एक-दोन क्यूब्स मिळवतो आणि हरतो तेव्हा मात्र चार किंवा आठ गमावून बसतो. का-झारच्या डेकलाही हा धोका आहे; म्हणून हातात का-झार आणि आर्मर दोन्ही असतील, तर मी तिसऱ्या टर्नच्या आतच, पटावर काहीच भीतिदायक दिसत नसताना, स्नॅप करतो.

कार्डांच्या ताकदीत आणि त्यांना लागणाऱ्या एनर्जीत कंपनी वरचेवर फेरफार करते आणि त्याबरोबर समोर येणारे डेकही बदलतात. अशा वेळी मी अकरा कार्डांना हात लावत नाही, फक्त आर्मरच्या जागेचा विचार करतो. किलमंगर दिसेनासा झाला आणि वाँग वाढला, की तिथे कॉस्मो येतो.