आमची वाटचाल : दीड वर्षाच्या आतली कुत्री आम्ही सांभाळतो

डॉग सिटिंगच्या, म्हणजे मालक बाहेर असताना त्याचं कुत्रं सांभाळायच्या धंद्यात सगळ्यांना हवं असतं ते पोक्त कुत्रं. खाईल, फिरून येईल, कोपऱ्यात पडून राहील. आठ महिन्यांचा लॅब्रॅडोर म्हटला की बहुतेक ठिकाणी तारीख शिल्लक नसते. आम्ही पहिल्यापासून सहा ते अठरा महिन्यांची कुत्री घेत आलो, आणि आज आमच्याकडे जे लोक नंबर लावून थांबतात ते याच वयाच्या कुत्र्यांचे मालक आहेत. हे मी अभिमानाने लिहिते आहे. याच कुत्र्यांपायी आमचं काम एकदा बंद पडायला आलं होतं, आणि ते कोणामुळे आलं होतं हे आमच्या व्यवसायातल्या जुन्या लोकांना सांगायची गरज नाही.

सुरुवात केली ती मी आणि कंपाउंडर काकांनी. काकांचा सगळा जन्म जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलाशी कुत्री धरण्यात गेला. कुठलं कुत्रं चावणार आणि कुठलं नुसतं ओरडणार, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून ते माझ्याबरोबर आले. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "पोरी, शेपटीकडे नको बघूस, कमरेकडे बघ. शेपूट हलतेय आणि कंबर ताठ आहे, तर हात मागे घे." नाकावरून भर्रकन फिरलेली जीभ, झोप आलेली नसताना दिलेली जांभई, वळवलेली मान, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, ही सगळी भाषा मी त्यांच्याकडून शिकले. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिड रुगास यांनी यातल्याच कितीतरी खुणा 'शांत करणारे संकेत' म्हणून जगापुढे मांडल्या आहेत, हे मी नंतर वाचलं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी तर शेपटीची बाजूसुद्धा मोजली. मालक दिसला की ती कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगं कुत्रं समोर आलं की डावीकडे. काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते उठून समोरच्या कुत्र्याची शेपूट बघायला गेले.

आमची हत्यारं तेव्हा चारच होती आणि आजही मुख्य तीच आहेत. पहिला, दहा मीटरचा लांब दोर. तो हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला लावायचा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. धावत सुटलेलं कुत्रं दोराच्या टोकाला पोचून झटका खातं तेव्हा तो झटका मानेवर आणि श्वासनलिकेवर जाता कामा नये. दोर हाताला गुंडाळायचा नाही, तळहातावर घड्या घालून धरायचा. दुसरं, दाराच्या चौकटीत बसणारं बेबी गेट. तरुण कुत्र्याला बंद दार सोसत नाही, पण गेटपलीकडून माणूस दिसत असला की ते पडून राहायला शिकतं.

तिसरं, कॉंग, म्हणजे आत खाऊ भरता येतो असं पोकळ रबरी खेळणं. अमेरिकेत ज्यो मार्कहॅम यांच्या जर्मन शेफर्डला दगड चावायची खोड होती, दात झिजत चालले होते. फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना निघालेला सस्पेन्शनचा रबरी तुकडा त्या कुत्र्याने उचलला आणि दगड सोडला. १९७० च्या दशकात त्यावरून हे खेळणं तयार झालं. आम्ही त्यात ओलं खाणं भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. चाटण्याने आणि चावण्याने कुत्रं निवळतं. मालक दारातून बाहेर पडताना जी घालमेल होते, तिच्यावर याच्याइतका उपाय मी दुसरा पाहिला नाही. फक्त माप बघून घ्या. जे अख्खं तोंडात मावतं ते खेळणं त्या कुत्र्याचं नव्हे, ते घशात अडकू शकतं.

चौथी, वही. हिच्यावर आमचं सगळं उभं आहे. प्रत्येक कुत्र्याचं पान वेगळं. किती वाजता खाल्लं, किती वेळ झोपलं, कशाला दचकलं, भुंकलं तर त्याच्या आधी काय घडलं आणि भुंकल्यावर त्याला काय मिळालं. नवीन मुलं वैतागतात, एवढं कशाला लिहायचं म्हणतात. त्यांना मी जुनी पानं उघडून दाखवते. उड्या मारणं, बाही धरून ओढणं, घरभर गोल गोल सुसाट पळणं, हे सगळं संध्याकाळच्या रकान्यात दिसतं, आणि त्याच पानावर दुपारची झोप कोरी असते. पिल्लाला दिवसात अठरा तासांच्या आसपास झोप लागते, वाढत्या कुत्र्यालाही पुष्कळच लागते, आणि ती त्याला आपणहून घेता येत नाही. घरात येणंजाणं चालू असलं की ते जागंच राहतं. मग लोक म्हणतात, हा दमतच नाही. अहो, तो दमलेलाच असतो. त्याला गेटपलीकडे अंधार करून झोपवा, चेंडू कपाटात ठेवा.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. मग तो आला.

नाव घेत नाही. आमच्यापासून जवळच त्याने केनेल, म्हणजे कुत्री ठेवून घ्यायची जागा, टाकली, मोठं आवार, रंगवलेली भिंत, भिंतीवर लांडग्याचं चित्र. तो सांगायचा, तुमचं कुत्रं तुमचा नेता होऊ बघतंय, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके व्हा, आम्ही तीन दिवसांत सरळ करून देतो. तरुण कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायचं, गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, गुरगुरलं की तिचा झटका. मालकांसमोर प्रात्यक्षिक करायचा आणि कुत्रं खरोखर गप्प पडायचं. लोक टाळ्या वाजवायचे. आमच्याबद्दल त्याने एक वाक्य पसरवलं, ते मला आजही तोंडपाठ आहे : "तिथे कुत्री डोक्यावर बसवतात, आणि मग ती आम्हाला उतरवावी लागतात."

कुठल्या पायावर तो हे सगळं उभं करत होता? संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले आणि १९४७ साली त्यावर लिहिलं. कुठून कुठून आणून एका कुंपणात कोंडलेले ते प्राणी, ते भांडणारच. पुढे लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून अल्फाची ती कल्पना घराघरात गेली. पण त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात कितीतरी उन्हाळे काढले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी मारामारी नसते. आणि कुत्रं तर लांडगाही नव्हे. ज्यांनी ती कल्पना पसरवली त्यांनीच ती मागे घेतली, तरी भिंतीवरचा लांडगा तसाच राहिला.

हे मी लोकांना समजावून सांगत होते. ऐकायचे, मान डोलवायचे, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं कुत्रं तिकडे दिसायचं. तीन दिवसांत सरळ आणि तीन महिने वही लिहू, यात लोक काय निवडणार? बघता बघता आमची तरुण कुत्री निम्म्याहून कमी झाली. मागची मोठी खोली सोडावी लागली. मदतीला असलेल्या दोघी मुलींना सांगावं लागलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका, आणि त्या दोघी कुत्र्यांचं अंग वाचायला काकांच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या. त्यातल्या एकीला त्यानेच कामावर ठेवलं. ती थोड्याच दिवसांत तिथून निघाली, पण तो सल माझ्या मनातून गेलेला नाही. काकांनी त्या काळात आपला वाटा घेणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "वही बंद करू नकोस, एवढं बघ."

त्या दिवसांत ज्यांनी आमची साथ सोडली नाही त्या म्हणजे बाई. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्याकडे दहा महिन्यांचा बॉक्सर, नाव तुफान. नावासारखाच होता. पाहुणा आला की त्याच्या छातीपर्यंत उडी, बाईंच्या पदराला लोंबकळणं, फिरायला नेलं की हात खांद्यातून निघेल असं ओढणं. शेजाऱ्यांनी, नातलगांनी, सगळ्यांनी त्यांना त्या केनेलचा रस्ता दाखवला होता. कोणी सांगत होतं, सायकलला बांधून पळवा. आम्ही त्यांना पहिल्यांदा तेच थांबवायला सांगितलं. बॉक्सरचं नाक आखूड. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. उन्हात पळवलेला बॉक्सर उष्माघाताने जाऊ शकतो. शिवाय रोज पळवलं तर काय होतं? त्याचा दम वाढतो, उद्या त्याला आणखी पळवावं लागतं.

तुफानला आम्ही पळवलं नाही, हुंगायला लावलं. लांब दोर लावायचा, गवतात खाऊचे बारीक तुकडे टाकायचे आणि त्याला नाकाने शोधू द्यायचे. वीस मिनिटं असं हुंगून आला की आपण होऊन आडवा व्हायचा. उडी मारली की पाठ फिरवायची, चार पाय जमिनीवर असतील त्याच क्षणी खाऊ, तोही खाली, जमिनीवर. हाताने वर धरून दिला की कुत्रं परत वर येतं. हे घरात येणाऱ्या प्रत्येकाने सारखंच करायचं. एकाने जरी उडी मारल्यावर लाड केले तरी ती सवय पक्की होते. बाईंनी दारावर सूचना लिहून लावली आणि येणाऱ्या मोठ्या माणसांनाही ती वाचल्याशिवाय आत घेतलं नाही.

मधे एकदा त्या हताश होऊन आल्या. म्हणाल्या, "तुमचं ऐकतो आणि माझं ऐकत नाही, म्हणजे मीच कमी पडते." त्यांना तेव्हा द्यायला माझ्याकडे वहीतल्या नोंदी होत्या, पुरावा नव्हता. तो २०२० साली आला. न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांना वाट दाखवणारी मार्गदर्शक कुत्री होणाऱ्या तरुण कुत्र्यांवर काम केलं. पाच महिन्यांचं असताना 'बस' म्हटलं की बसणारं कुत्रं आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकेनासं होतं, आणि अनोळखी माणसाचं मात्र ऐकतं. वयात येणाऱ्या मुलांची आईशी जी तऱ्हा असते तीच ही. हे वय जातं. त्या वयात मार खाल्लेलं कुत्रं मात्र मार विसरत नाही. तो अभ्यास मी बाईंना वाचून दाखवला तेव्हा तुफान पायाशी घोरत होता, पोक्त झाला होता.

एकेक करून तिकडची कुत्री परत यायला लागली, आणि ती कशी आली हे मला लिहिलंच पाहिजे. एक सोनेरी लॅब्रॅडोर, आमच्याकडे होता तेव्हा खेळायला बोलावताना पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच करायचा, दिवसभर. परत आला तो दाराशी उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मालक कौतुकाने म्हणाले, बघा किती शांत झालाय. वहीत आम्ही लिहिलं : शांत नाही, मिटला आहे. दुसरी एक कुत्री गुरगुरणं सोडून आली होती. गुरगुरणं हा इशारा असतो, तो झटके देऊन बंद केला की कुत्रं इशारा न देता चावतं. तिने घरातल्या मुलाचा हात दातांत धरला आणि मग ते लोक आमच्याकडे आले. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी मालकांना विचारून पाहणी केली होती. ज्या कुत्र्यांना मारलं किंवा लाथ घातली त्यांतली ४३ टक्के उलट अंगावर आली होती, उताणं दाबलेल्यांतली ३१ टक्के. हे आकडे मी छापून दाराशी लावले आणि ते आजही तिथेच आहेत.

त्या लॅब्रॅडोरने पुन्हा पुढचे पाय पसरून आम्हाला खेळायला बोलावलं तेव्हा काका रडले. ते आता नाहीत.

लॉकडाउनबद्दल लोक फार विचारतात. सगळे घरी, कुत्री घरी, काम शून्य, हे खरं. पण तेव्हा आमचं काम गेलं तरी नाव शाबूत होतं, आणि ज्याने नावावर घाला सोसला आहे त्याला हा फरक कळतो. नंतर तर त्या काळात आणलेली पिल्लं आमच्याकडेच आली. माणूस घराबाहेर जातो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पिल्लाचं जग ओळखायचं मुख्य वय तीन ते साधारण चौदा आठवड्यांचं, आणि ते त्यांचं चार भिंतींत गेलं होतं. त्या कामाने आम्हाला मागची खोली परत मिळवून दिली.

ती केनेल अजून चालते. भिंतीवरचा लांडगा पुसला आहे, आता तिथे 'प्रेमाने प्रशिक्षण' असं लिहिलं आहे, आणि त्यांचा प्रवेशअर्ज आमच्या वहीतल्या प्रश्नांवरून उतरवलेला आहे, त्याच क्रमाने. आमच्याकडून गेलेल्या एका मालकाने तो मला आणून दाखवला. कोणी आमचं नाव घेतलेलं नाही.

बाईंकडे आता तुफाननंतरची बॉक्सर आहे, सात महिन्यांची. परवा दोन दिवसांसाठी सोडून गेल्या. पहिल्या दिवशी तिने गेटची कडी उघडायला शिकून घेतली. वहीत नोंद आहे : दुपारी दीड तास झोपली, संध्याकाळी पळापळ नाही. गेटला दुसरी कडी बसवली आहे.